बोलण्यातल्या ‘हे’ आणि ‘ते’कडे कान द्या

आईचा फोन रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास यायचा. ती लालबागला, मी बोरिवलीला. जेवणं आटोपलेली, भांडी झालेली, आणि मग सकाळी बाजारात काय मिळालं, केवढ्याला मिळालं याची सगळी हकीकत. एके दिवशी म्हणाली, “आज त्या आणल्यात गो. त्या... बारीक, लांबट. बाळंतिणीला देतात बघ, त्या.”

“मुडदुशी?”

“हां, त्याच,” म्हणाली आणि वाटा केवढ्याला पडला ते सांगू लागली.

फोन ठेवल्यावर मला खटकलं. मालवणात वाढलेली, चाळीस वर्षं लालबागच्या बाजारात मासे पारखून घेणारी बाई ती. माझ्या बाळंतपणात याच माशाचं पातळ कालवण घालून तिने मला उभं केलं होतं. मासा कसा दिसतो, कोणाला देतात, का देतात, सगळं तिला ठाऊक होतं. फक्त त्याचं नाव तिच्याकडून आलं नाही, आणि मी सांगितल्यावरही तिने ते उच्चारलं नाही.

बाजारात हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? मासे घेताना नाव घ्यावंच लागत नाही. वाट्याकडे बोट दाखवायचं, “हा कसा दिला?” विचारायचं, भाव खाली आणायचा. फोनवर बोट दाखवता येत नाही. म्हणून ते मला ऐकू आलं, आणि तिच्याच घरात राहणाऱ्या दादा-वहिनीला आलं नाही. यात त्यांचा काही दोष नव्हता.

मी डॉक्टर नाही. पण त्या फोननंतर दोन वर्षं डॉक्टरांना, वाचा-उपचार करणाऱ्यांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगावं असं मनापासून वाटतं. कारण अल्झायमर म्हटलं की आपल्याला चष्मा, किल्ल्या आणि चालू राहिलेला गॅस आठवतो. माणसाचं बोलणं बदलतं, आणि ते बऱ्याच जणांत बरंच आधी बदलू लागतं, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आधी एक भीती दूर करते. नाव न आठवणं म्हणजे अल्झायमर नव्हे. शेजारच्या मजल्यावरच्या बाईंचं आडनाव, जुन्या नटाचं नाव जिभेवर येऊन अडकतं आणि रात्री भांडी लावताना अचानक आठवतं, हे चाळिशीनंतर सगळ्यांचं होतं. विशेषनामांना अर्थाचा आधार नसतो. सावंतांना सावंत का म्हणायचं याला काही कारण नाही, त्यामुळे तो धागा पहिल्यांदा सैल होतो. काळजी करायची ती साधी, रोजची नामं जाऊ लागली तर: झारा, उशी, कुलूप, पोळपाट. आयुष्यभर दिवसातून दहा वेळा वापरलेला शब्द पुन्हा पुन्हा मिळत नसेल, त्याच्या जागी “ते पोळ्या करायचं” येत असेल, आणि हे महिन्यागणिक वाढत असेल, तर ते नुसतं वय नव्हे.

इथे आपल्या मराठीची एक अडचण आहे. आपल्याकडे ‘हे’ हा शब्द कशालाही चालतो. “अगं, ते जरा हे कर ना,” असं कोणी ओरडलं की दूध उतू जातंय हे आपल्याला कळतं. नवऱ्याला ‘हे’ म्हणण्यात तर कित्येक पिढ्या गेल्या. त्यामुळे एखाद्याच्या बोलण्यात ‘हे’, ‘ते’, ‘ते आपलं’, ‘तिकडचं’ वाढत चाललं तरी मराठी कानाला खुपत नाही. समोरचा माणूस गाळलेल्या जागा आपणहून भरत राहतो. नवरा-बायको पन्नास वर्षं एकत्र राहिलेली असतील तर इतक्या सफाईने भरतो की त्याला स्वतःलाही कळत नाही. मुंबईत वर आणखी तीन भाषा हाताशी असतात. मराठी शब्द नाही आला, हिंदी टाकला, तोही नाही आला तर ‘वो वाला’. इथे कोणाला त्याचं काय वाटणार?

म्हणून मोजायचं ते ‘हे’ किती आलं असं नाही. त्या माणसाचं पूर्वीचं बोलणं आठवायचं आणि आताचं त्याच्याशी ताडून बघायचं. माझी आई आधी तपशिलाने बोलायची. कोणाकडे बारसं झालं तर घुगऱ्या कशा होत्या इथपासून सांगायची. आता तीच गोष्ट ती “छान झालं, सगळे आलेले, ते पण होतं” एवढ्यात संपवत होती. वाक्यं पूर्ण, व्याकरण बिनचूक, सूर नेहमीचा. आत माल मात्र कमी. तज्ज्ञ याला रिकामं बोलणं म्हणतात. शब्द कठोर आहे, पण नेमका आहे.

या आजाराची पहिली नोंद झाली तेव्हाच ही गोष्ट नोंदली गेली होती. 1901 च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्याशी बोलत आणि प्रश्नोत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवत. दुपारी ती फ्लॉवर आणि मांस खात होती. काय खाताय, असं विचारलं तर म्हणाली, पालक. कपाला ती ‘दूध ओतायचं’ अशा अर्थाचा, स्वतःच जोडून केलेला शब्द वापरत असे. 1906 मध्ये ती वारल्यावर अल्झायमरने तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत ते निष्कर्ष मांडले. तेव्हा कोणी एक प्रश्नही विचारला नाही. ‘दूध ओतायचं’ हे वाचलं तेव्हा मला आईचं ‘बाळंतिणीला देतात त्या’ आठवलं. भाषा वेगळी, देश वेगळा, शंभरावर वर्षांचं अंतर, पण वाट एकच: वस्तूचं नाव सापडत नाही, म्हणून माणूस तिच्या उपयोगाला धरून तिथवर पोचायचा प्रयत्न करतो.

आता हे का होतं ते बघू. एखादा शब्द बोलण्याआधी मेंदू काही पायऱ्या चढतो. आधी मनात अर्थ उभा राहतो: चांदीसारखा, सडपातळ, काटे कमी, पचायला हलका. मग त्या अर्थाला धरून शब्दाची जागा सापडते आणि तिच्याबरोबर व्याकरण येतं, म्हणजे तो, ती की ते. सगळ्यात शेवटी आवाज येतात: मु-ड-दु-शी. जिभेवर अडकतो तो बहुधा शेवटच्या पायरीवर. 1997 मध्ये इटालियन बोलणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की शब्द आठवत नसतानाही त्याचं लिंग लोकांना बऱ्याचदा बरोबर सांगता येतं. आईच्या त्या फोनमध्येही हेच होतं. नाव नव्हतं, पण ‘त्या’ होतं, स्त्रीलिंगी अनेकवचन, अगदी बरोबर. वर्षभराने ती त्याच माशाला नुसतं ‘ते’ म्हणू लागली. हे माझ्या कानांचं निरीक्षण आहे, याला पुरावा म्हणता येणार नाही. पण मला त्यातून बरंच समजलं.

अल्झायमरमध्ये बिघाड फक्त शेवटच्या पायरीवर थांबत नाही, तो हळूहळू अर्थाच्या पायरीपर्यंत उतरतो. मेंदूत दोन प्रथिनांचा घोळ होतो. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर पेशींच्या बाहेर साचतात, आणि टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी पेशींच्या आत तयार होतात. हे सगळं लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू असू शकतं. टाऊची सुरुवात साधारणपणे कानशिलामागच्या भागात, आतल्या बाजूला होते. नव्या आठवणी साठवण्याचं काम तिथलं. तिथून ते शेजारी पसरतं, आणि तिथेच वस्तू, माणसं, प्राणी यांच्याबद्दलचं आपलं आयुष्यभराचं ज्ञान एकमेकांना जोडलेलं असतं. ओठ, जीभ, घसा हलवणारे भाग मात्र बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळे उच्चार स्वच्छ राहतो, वाक्य सरळ राहतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

ज्ञान पुसलं जातं तेही एका क्रमाने. बारकावे आधी जातात, ठोकळ गोष्टी मागे राहतात. पापलेट आणि हलवा यांतला फरक आधी जाईल. मग दोन्ही ‘मासा’ होतील. मग ‘ते’.

डॉक्टरांकडे गेल्यावर एक चाचणी हमखास होते आणि तिच्या साधेपणाचं मला आश्चर्य वाटलं. एका मिनिटात जेवढे प्राणी आठवतील तेवढ्यांची नावं सांगा. आईने गाय, म्हैस, बकरी, कुत्रा, मांजर म्हटलं, थोडी थांबली, वाघ म्हणाली, पुन्हा कुत्रा म्हणाली आणि माझ्याकडे बघू लागली. घड्याळात अर्ध्याहून जास्त मिनिट शिल्लक होतं. मग ‘प’पासून सुरू होणारे शब्द विचारले, तर तिथे तिची गाडी बरी चालली. अल्झायमरच्या सुरुवातीला असंच दिसतं. अक्षरावरून शब्द काढायला आवाजाची वाट पुरते, प्राण्यांची नावं काढायला अर्थाच्या गावातून फिरावं लागतं. किती नावं आली म्हणजे ठीक, हा आकडा वय आणि शिक्षणाप्रमाणे बदलतो. तेव्हा घरी घड्याळ लावून आई-बाबांची परीक्षा घेऊ नका. निदान होणार नाही, आणि ते दुखावतील मात्र नक्की.

दुसरं एक चित्र दाखवलं. 1972 पासून जगभर वापरलं जाणारं हे चित्र आहे. स्वयंपाकघर, बाई ताटली पुसतेय, मागे सिंक भरून पाणी जमिनीवर सांडतंय, एक मुलगा स्टुलावर चढून कपाटातल्या बरणीतून बिस्किटं काढतोय आणि स्टूल कलंडतंय. आई म्हणाली, “बाई उभी आहे. ते सगळं खाली येतंय, तिचं लक्षच नाही. तो वर गेलाय, त्याला ते हवंय. पडेल हां तो.” शेवटचं वाक्य ती डॉक्टरांकडे बघून खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाली. तिला सगळं दिसलं होतं, धोकाही कळला होता. पण त्या चार ओळींत पाणी नाही, नळ नाही, स्टूल नाही, ताटली नाही, बिस्किट नाही. ‘बाई’ सोडली तर एका वस्तूचं नाव नाही. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात मोजत होते.

चाचणी कोणत्या भाषेत होते याबद्दल आग्रह धरा. त्याआधी आम्ही ज्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथे तिला हिंदीतून भराभर प्रश्न विचारले गेले आणि गुण फारच कमी आले. हिंदी ती भाजीवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी बोलते. हिंदीत विचार करत नाही. माणूस ज्या भाषेत लहानाचा मोठा झाला, त्या भाषेत त्याला तपासलं पाहिजे. मराठी बोलणारं कोणी नसेल तर सोबतच्या नातेवाइकाने प्रश्न मराठीत करून द्यावा. उत्तर मात्र सुचवू नये, आणि हे फार जड जातं.

अनेक भाषा येणं चांगलंच. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), 648 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही. पण चाळीतल्या गॅलरीत मालवणी, मराठी, हिंदी आणि शेजाऱ्यांची गुजराती ऐकत-बोलत वाढलेल्या मुंबईकरांसाठी ही माहिती मोलाची आहे.

बोलण्यातला बदल किती आधी दिसू शकतो, यावर बरंच संशोधन झालं आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर असल्याचं 1994 मध्ये जाहीर केलं. पुढे अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातल्या पत्रकार परिषदा तपासल्या. वर्षं सरत गेली तसे वेगवेगळे शब्द कमी आणि ‘गोष्ट’सारखे मोघम शब्द जास्त होत गेले होते. यावरून ते तेव्हाच आजारी होते असं सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीच स्पष्ट केलं. 2024 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने सौम्य विस्मरण असलेल्या 166 जणांच्या बोलण्यावरून पुढच्या सहा वर्षांत कोणाला अल्झायमर होईल, याचा अंदाज संगणकाकडून काढला. तो 78.5 टक्के वेळा बरोबर आला. ही सगळी इंग्रजी. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य होतं आणि ‘हे’ तर आपलं रोजचं. त्यामुळे इंग्रजीवर शिकलेलं मोबाइल अ‍ॅप आपल्या आजीबद्दल काही सांगेल, यावर आज विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बोलणं बदललं म्हणजे अल्झायमरच, असं अजिबात नाही. बी-12 जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, मन खचलेलं असेल, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या चालू असतील, पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साचलं असेल, तरी माणूस असाच अडखळतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. कान तर तपासाच. ऐकूच येत नसेल तर माणूस मोघम हो-हो करत राहतो आणि घरच्यांना वाटतं डोकं चालत नाही. शिवाय ऐकू न येणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, आणि टाळता येण्याजोग्या, मोठ्या कारणांपैकी एक आहे. वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, तिथे श्रवण तपासणी होते आणि वाचा-उपचारही मिळतात. मेंदूविकार विभाग केईएम, नायर, शीव आणि जे.जे. या सरकारी-महापालिका रुग्णालयांत आहेत.

आणि बोलणं जर एकाएकी बिघडलं, सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी बोबडं बोलू लागला, तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर ते अल्झायमर नव्हे. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लगेच 108 ला फोन करा, आराम करायला झोपवू नका.

अल्झायमरचं निदान झालं तर काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, बऱ्याचदा “उपाय नाही तर कळून तरी काय करायचं?” अशा शब्दांत. आमच्या घरीही दादा हेच म्हणाला. आजार बरा करणारं औषध आज नाही, हे खरं. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ उभारी मिळते. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात, आजाराचा वेग थोडा कमी होतो, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पण लवकर कळण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. माणूस स्वतःच्या शब्दांत स्वतःची इच्छा सांगू शकतो. बँकेच्या ठेवी, खोलीची कागदपत्रं, गावच्या घराचं काय करायचं, कोणाकडे राहायचं, हे आईने आम्हाला स्वतः सांगितलं. वर्षभर उशीर केला असता तर ते आम्हाला ठरवावं लागलं असतं. शिवाय घरच्यांचा राग कमी होतो. वहिनी आधी चिडायची, “आई मुद्दाम अर्धवट बोलतात.” आजाराचं नाव कळल्यावर ती चिडायची थांबली.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी त्याला अजून ‘म्हातारचळ’ म्हणत असतील, या विचाराने वाईट वाटतं. हा शब्द घरातून काढून टाका. ज्येष्ठांसाठीची 14567 ही एल्डरलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 ही टेली-मानस, दोन्ही सरकारी आणि मोफत आहेत. सांभाळणारी माणसंही तिथे बोलू शकतात.

बोलायचं कसं, हे मला आईच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी शिकवलं. शब्द अडकला तर लगेच पुरवू नका, मनात दहापर्यंत मोजा. तरी नाही आला तर पहिलं अक्षर द्या. टीव्ही बंद करून बोला. “ओळख बघू हे कोण?” असं कधी विचारू नका, सरळ सांगा, “आई, हा तुझा भाचा, कणकवलीचा.” तिने फ्लॉवरला पालक म्हटलं तर म्हणू द्या. त्या पालकाने कोणाचं काही बिघडत नाही.

मी तिला रोज विचारायचे तो प्रश्नही बदलला. “आज काय आणलंस?” हा प्रश्न तिच्यासाठी फार मोठा झाला होता. शेकडो नावांच्या ढिगातून एक उचलायचं. आता साडेतीनला फोन मी करते आणि विचारते, “आज बांगडे आणलेस की मांदेली?” दोनच नावं, दोन्ही मी उच्चारून दिलेली, तिने फक्त एक निवडायचं. कधी पलीकडे बराच वेळ नुसता लालबागच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो. परवा उत्तर आलं. “मांदेली. पण बारीक होती गो, कालवण नाय केलं. तळली.”